मैदान पार्किंगला देऊ नका: नवी मुंबईत कोपरखैरण्यातल्या आपल्या सेक्टरच्या सगळ्या सोसायटी कमिट्यांना खुलं पत्र

नमस्कार सगळ्यांना,

परवा रात्री ग्रुपवर तो फॉर्म आला. 'मैदानाचं आरक्षण बदलून तिथे पे अँड पार्क करावं अशी आम्ही रहिवासी महापालिकेकडे मागणी करतो', आणि खाली सोसायट्यांची नावं, फ्लॅट नंबर, सह्या. त्यात आमच्या फ्लॅटचीही सही आहे. ती माझ्या नवऱ्याने केलीय. तो नुकताच कामावरून आला होता, सेक्रेटरी काका दारात उभे होते, त्यांनी विचारलं गाडी लावायला त्रास होतो ना, हा म्हणाला, 'होतो', आणि सही केली. मी त्याला दोष देत नाही, कारण त्या रात्री तो खरंच अर्धा-पाऊण तास गाडी घेऊन गल्ल्यांमध्ये फिरत होता आणि शेवटी गाडी पार नाल्याच्या कडेला लावून चालत आला होता. पण नंतर आम्ही दोघं बसून बोललो आणि ती सही आम्ही मागे घेतोय, तसं कमिटीला लेखी देणार आहोत. नुसती सही मागे घेऊन गप्प बसणं मला पटलं नाही म्हणून हे लिहितेय. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा, मग काय सुनवायचं ते सुनवा.

आधी एक सांगते, त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. मागच्या श्रावणात माझ्या सासऱ्यांना रात्री दोनला छातीत दुखायला लागलं. अ‍ॅम्ब्युलन्स तीन टाकीच्या चौकापर्यंत पटकन आली आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी अडकली, दोन्ही बाजूंना गाड्या, मधून जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी वाट, त्यात वळणावर कुणाचा तरी टेम्पो तिरका लावलेला. खालच्या मजल्यावरची दोन पोरं आणि समोरच्या बिल्डिंगमधले दादा धावत आले, सासऱ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. पावसात. ते आज बरे आहेत म्हणून मी हे शांतपणे लिहू शकतेय. फॉर्मबरोबरच्या पत्रात 'अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन गाडी आत येऊ शकत नाही' हा जो पहिला मुद्दा लिहिलाय तो आमच्याच घरावरून लिहिलाय हे मला माहितीय. म्हणूनच मला बोलायचा हक्क आहे असं वाटतं. त्या रात्री मैदानावर पार्किंग असतं तरी आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असत्याच, कारण मैदान गल्लीपासून सात-आठ मिनिटांवर आहे आणि रात्री दारात फुकट जागा दिसली की कुणीही पैसे भरून लांब गाडी लावत नाही, मी नाही, तुम्ही पण नाही. अ‍ॅम्ब्युलन्स आत यायला पाहिजे असेल तर गल्लीची एक बाजू मोकळी पाहिजे, रोज, सगळ्यांनी पाळून. मैदानावर डांबर ओतून ती मोकळी होणार नाही.

आता हिशोब. मी अकाउंट्सचं काम करते, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. नगररचनेत एका गाडीला किती जागा धरायची याचे ढोबळ मापदंड ठरलेले आहेत. नुसती गाडी उभी राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात, पण तिला आत यायला, वळायला, मागे घ्यायलाही रस्ता लागतो, तो धरून उघड्यावरच्या पार्किंगमध्ये एका गाडीमागे २३ चौरस मीटर धरतात, स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत, २८ आणि तळघरात ३२. आपलं मैदान एकरभरही नाही. पण चला, पूर्ण एकर धरू, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. भागिले २३. एकशे शहात्तर गाड्या. त्यातून गेट, केबिन, कडेची झाडं वजा केली की दीडशेच्या आसपास येतील. रस्त्याच्या कडेला एकामागे एक गाड्या लावल्या तर शंभर मीटरच्या गल्लीत एका बाजूला सोळा-सतरा बसतात. म्हणजे पूर्ण मैदान देऊन आपण अशा नऊ-दहा गल्ल्यांची फक्त एक-एक बाजू रिकामी करणार, तीही सगळ्यांनी नीट वागायचं ठरवलं तर. आपल्या सेक्टरमध्ये अशा गल्ल्या किती आहेत ते रात्री अकराला एक चक्कर मारून मोजा. आणि मागच्या दसऱ्याला आपल्याच सोसायटीत किती नव्या गाड्यांना झेंडूचे हार घातले तेही आठवून बघा. ती दीडशेची जागा भरायला किती दसरे लागतील?

हे २३ चौरस मीटर म्हणजे जवळपास अडीचशे स्क्वेअर फूट. हा आकडा मी कॅल्क्युलेटरवर काढला आणि थोडा वेळ तशीच बसले, कारण १९९५ मध्ये माझ्या बाबांना माथाडी कामगारांच्या वसाहतीत जी खोली मिळाली ती एवढीच होती. अडीचशे स्क्वेअर फूट. त्याच्या आधी बाबा मसजिद बंदरला गावकीच्या खोलीत राहायचे, जावळीची बारा-पंधरा माणसं एका खोलीत, पाळीने झोपायचं, वळकटी गुंडाळून भिंतीला लावायची. घाऊक मार्केट वाशीला आलं, बाबांची पोती वाशीला आली, आणि मग आम्ही आई-भावंडं गावाहून इकडे आलो. सहा माणसं त्या खोलीत. आई आजपण सांगते, खोली बघून ती रडली होती, एवढ्याशा जागेत पोरं कुठे फिरणार, आणि मग बाबांनी तिला गल्लीच्या टोकाला नेऊन समोरचं मैदान दाखवलं. ते म्हणाले, ही आपली ओसरी. आम्ही चौघं भावंडं त्याच ओसरीत वाढलो. अभ्यास पण तिथल्या दिव्याखाली केलाय. सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, इथे घरं लहान दिली, ती परवडावीत म्हणून लहान दिली, आणि त्या लहान घरांच्या मध्ये मैदान, शाळा, मार्केट चालत जायच्या अंतरावर सोडलं. घर लहान आणि मैदान मोठं हा एकच व्यवहार होता, त्यातला अर्धा भाग आज आपण काढून घेतोय, आणि तोही रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी, ज्यातल्या एकेका गाडीला आपण तेव्हा सहा माणसांना मिळाली तेवढी जागा देणार आहोत.

फॉर्ममध्ये एक वाक्य आहे, 'सदर मोकळा भूखंड वापराविना पडून आहे'. हे कुणी लिहिलं मला माहीत नाही पण त्यांनी पहाटे पाचला तिथे यावं. पोलीस भरतीची पोरं असतात, सोळाशे मीटरचा सराव करतात, आपल्या मैदानाच्या साधारण साडेसहा चकरा होतात, एकाने मोबाईलवर टाइम लावलेला असतो आणि बाकीचे पळतात. मुलीही असतात, त्यांना आठशे मीटर असतं. त्यातल्या बऱ्याच जणांचे वडील मार्केटला ओझं उचलतात किंवा रिक्षा चालवतात, त्यांना अकॅडमीची फी परवडत नाही, हे मैदान हीच त्यांची अकॅडमी. सातनंतर ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आणि शाळेची पोरं, चारनंतर क्रिकेट, एकाच वेळी पाच-सहा मॅच, कुणाचा बॉल कुणाच्या पिचवर, तरी भांडण क्वचितच होतं. कोपऱ्यात कबड्डी. रात्री जेवणं उरकून बाया शतपावलीला येतात आणि मी सांगते, आपल्या सेक्टरमधल्या कितीतरी बायकांना दिवसभरात मोकळं बोलायला तेवढा एकच अर्धा तास मिळतो. मी स्कूटी तिथे शिकले. गणपती तिथे बसतो, हळदीकुंकू तिथे होतं, आणि कुणी वारलं तर माणसं जमायलाही तीच जागा असते, कारण आपल्या खोल्यांमध्ये वीस माणसं बसू शकत नाहीत. 'वापराविना' हा शब्द तेवढा फॉर्ममधून काढा, बाकी काहीही मागितलं तरी.

आता जमिनीबद्दल. हे मला सगळ्यात जास्त लागतं आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांनी ते विसरू नये असं वाटतं.

आपण ज्या जागेवर राहतो ती आपली नव्हती. १९७० मध्ये १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली आणि या शहरासाठी ३४४ चौरस किलोमीटरचा पट्टा ठरला, त्यात ९५ गावं आली. भातशेती, मिठागरं, खाडी. कोपरखैरणे, बोनकोडे, खैरणे ही गावं आजही आपल्या सेक्टरांच्या मधोमध उभी आहेत, आपण तिथून भाजी आणि मासळी आणतो. आगरी-कोळी लोकांकडून ही जमीन घेतली ती 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणून, आणि तेव्हा दिलेला भाव इतका तुटपुंजा होता की त्यासाठी माणसांना जीव द्यावा लागला. जानेवारी १९८४ मध्ये, १६ आणि १७ तारखेला, दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरणच्या बाजूला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. माझी शाळेतली मैत्रीण बोनकोड्याची. तिची आजी आम्हाला दोघींना घेऊन फिरायची आणि बोट दाखवून सांगायची, इथे आमचा बांध होता, इथे पाण्याचं टाकं होतं. आता तिथे काय आहे हे मी सांगत नाही, सगळ्यांना माहितीय. त्या म्हातारीने कधी असं म्हटलं नाही की शहर नको होतं. ती एवढंच म्हणायची, आमची जमीन घेतली ती शाळा-दवाखाने-रस्ते-मैदानं होतील म्हणून घेतली. सार्वजनिक प्रयोजनासाठी काढून घेतलेल्या जमिनीवर माझी खाजगी गाडी रात्रभर उभी करायची, हे प्रयोजन कोणतं, याचं उत्तर त्या आजीला मी कसं देऊ?

आणि गाड्या एवढ्या का झाल्या, यावरही कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. पहिल्या आराखड्यात हे गाड्यांचं शहर नव्हतंच. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवीन शहर करायची कल्पना मांडली, ती मुंबईवरचा भार कमी करायला, म्हणजे लोकांनी जिथे राहतात तिथेच जवळ काम करावं, आणि मग जे शहर आखलं गेलं ते वेगवेगळ्या नोडचं, म्हणजे वाशी-बेलापूरसारख्या छोट्या उपनगरांचं, सगळे नोड सार्वजनिक वाहतुकीने जोडलेले. पण झालं काय, आधी रस्ता आला आणि रेल्वे मागून आली. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. लोकल वाशीला पोहोचली ९ मे १९९२ ला. सिडको झाल्यापासून बावीस वर्षांनी! आपल्या कोपरखैरण्याला स्टेशन मिळालं ते ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकल सुरू झाली तेव्हा, नोव्हेंबर २००४ मध्ये, तोपर्यंत आम्हाला इथे राहायला येऊन नऊ वर्षं झाली होती. बेलापूर-पेंधर मेट्रो, जेमतेम ११ किलोमीटर, तिचं काम २०११ ला सुरू झालं आणि पहिली गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. या सगळ्या काळात माणसांनी काय करायचं होतं? ज्यांना जमलं त्यांनी बाईक घेतली, मग ईएमआयवर गाडी घेतली. हौस म्हणून नाही हो, माझा नवरा महाप्यापर्यंत रिक्षा आणि बस बदलत जायचा, पावसाळ्यात भिजून ऑफिसला पोहोचायचा, त्याने गाडी घेतली तेव्हा मीच त्याच्या मागे लागले होते. त्यामुळे गाडीवाल्यांवर माझा राग नाही, मी स्वतः गाडीवाली आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या गोष्टीमुळे गाड्या आल्या ती गोष्ट तशीच ठेवून आपण फक्त गाड्यांना जागा देत राहिलो तर अजून गाड्या येणार. सायन-पनवेल हायवे दहा लेनचा केला, संध्याकाळी वाशी टोलनाक्यापाशी काय हालत असते ते बघा. जागा मोकळी दिसली की ती भरायला गाडी येतेच. आता विमानतळही सुरू झालंय, शहर अजून वाढणार, तेव्हा तर ही मैदानं सोन्यासारखी जपायला हवीत.

शेजारच्या घणसोलीचं उदाहरण आठवा, फार लांब जायला नको. तिथे २० एकर जागा सरकारी क्रीडा संकुलासाठी २००३ मध्ये राखून ठेवली होती. नंतर ते संकुल रायगडमध्ये माणगावला न्यायचं ठरलं, शंभर किलोमीटरच्या पुढे, आणि इथली जागा बांधकामाला. घणसोलीचं पोर खेळायला माणगावला जाणार होतं. शेवटी २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि सुप्रीम कोर्टातही हायकोर्टाचाच निकाल टिकला. कोर्टापर्यंत जाणाऱ्या लोकांनी घणसोलीचं मैदान वाचवलं, आणि हाकेच्या अंतरावर आपण, कुणी बिल्डर मागत नसताना, आपल्या हाताने सह्या करून आपलं मैदान द्यायला निघालोय. मला हे समजूनच घेता येत नाहीये. कारण एकदा आरक्षण बदललं की बदललं. आज पार्किंग लिहाल, उद्या त्याच पार्किंगच्या जागी काय बांधायचं हे ठरवताना कुणी आपल्याला विचारणार नाही. याच कोपरखैरण्यात कचऱ्याच्या डम्पिंगच्या जागेवर निसर्ग उद्यान उभं राहिलंय, सकाळी तिथे चालायला गर्दी असते, म्हणजे उलट्या दिशेनेही जाता येतं हे आपण डोळ्यांनी बघितलंय.

काही जण म्हणतात, वर मैदान ठेवा आणि खाली पार्किंग करा. ऐकायला बरं वाटतं. पण तळघरात गाडीमागे ३२ चौरस मीटर लागतात म्हणजे गाड्या अजून कमी बसणार, रॅम्प आणि हवा खेळती ठेवायच्या खिडक्या मैदानाच्याच कडा खाणार, वर जो मातीचा थर राहील त्यात वड-पिंपळ सोडा, साधं कडुनिंबाचं झाड धरणार नाही. शिवाय आपल्या शहराचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून तर सिडकोने धारण तलाव ठेवलेत, भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की पाणी त्यात थांबतं. अशा जमिनीत खोल खणून गाड्या उभ्या करायच्या आणि दर पावसाळ्यात पंप लावून बसायचं. मैदानाच्या मातीत जे पाणी आज जिरतं ते मग आपल्याच गल्लीत येईल.

मग करायचं काय, हे पण लिहिते, नाहीतर म्हणाल नुसता विरोध करते.

पहिलं आपल्या घरात बघू. किती इमारतींचं स्टिल्ट आज खरंच पार्किंग म्हणून वापरात आहे? कुठे ऑफिस केलंय, कुठे गाळा काढून भाड्याने दिलाय, कुठे जुनी कपाटं आणि मंडपाचं सामान पडलंय, कुठे तीन वर्षं न हललेली धूळ खाणारी गाडी आहे. हे बोललं की माणसं दुखावतात, मला कल्पना आहे, भाड्याचे पैसे सोसायटीच्या मेंटेनन्सला उपयोगी पडतात हेही माहितीय. पण पोरांचं मैदान मागण्याआधी प्रत्येक कमिटीने आपलं मंजूर नकाशातलं पार्किंग मोकळं करून दाखवावं, माझ्या मते तरी त्याआधी आपल्याला तोंड नाही.

दुसरं, गल्लीत एकाच बाजूला गाड्या. सम तारखेला ही बाजू, विषम तारखेला ती, पाट्या लावून घ्यायच्या, आणि वळणापासून काही मीटर काहीच लावायचं नाही. आमच्या रात्रीसारखी रात्र कुणावर येऊ नये म्हणून हे उद्यापासून करता येण्यासारखं आहे, याला कुणाचा प्लॉट लागत नाही.

तिसरं, ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांना वेगळं धरा. टुरिस्ट गाड्या, टेम्पो, स्कूल बसवाले दादा, हे आपलेच लोक आहेत, त्यांना रात्री हक्काची जागा मिळाली पाहिजे. महाप्याच्या बाजूला एमआयडीसीत ऑफिसांची पार्किंग रात्री रिकामी असतात, मॉलची असतात, मार्केटच्या आसपासही काही जागा असतील. रात्री नऊ ते सकाळी सात एवढ्यापुरती ती स्वस्तात मिळावी म्हणून आपण सगळ्या सोसायट्यांनी मिळून मागणी केली तर तिला वजन येईल. सह्यांचा एवढा मोठा फॉर्म भरलाच आहे तर तो यासाठी भरू.

चौथी गोष्ट स्टेशनची. आपल्या सेक्टरमधून स्टेशनला जायला सकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत पंधरा-वीस मिनिटं जातात, बस कधी येईल याचा भरवसा नाही, चालत जावं तर फुटपाथवर बाईक लावलेल्या आणि संध्याकाळी परत येताना दिवे नाहीत, पोरीबाळींना भीती वाटते. छोटी बस सेक्टरमधून दर दहा मिनिटांनी स्टेशनला गेली, फुटपाथ मोकळे झाले, तर दुसरी गाडी घ्यायची गरज किती घरांना उरेल? पहिली गाडी मी विकायला सांगत नाहीये, दुसरीचं बोलतेय.

आणि रस्त्यावर रात्रभर गाडी लावायचे पैसे लागले पाहिजेत. हो, माझ्याकडूनही घ्या. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे की गाडी ठेवायला जागा आहे याचा दाखला दाखवल्याशिवाय गाडी नोंदवता येत नाही. आपल्याकडेही २०२५ मध्ये राज्य सरकारने तसा विचार बोलून दाखवला होता, त्यावर पुष्कळ आरडाओरड झाली. माझं मत तुम्हाला कडक वाटेल, पण जागा नसताना गाडी घेतली तर जागा देण्याची जबाबदारी शेजारच्या मुलांची कशी होईल?

कायद्याचं एक सांगून ठेवते. मैदानाचं आरक्षण बदलायचं म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो, त्याची जाहीर सूचना निघते, हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, मग तो प्रस्ताव शासनाकडे जातो. सूचना निघाली तर मी हरकत नोंदवणार, भरतीची पोरं नोंदवणार, कट्ट्यावरचे आजोबा तर आत्ताच मसुदा लिहून बसलेत. पण मला आपल्याच माणसांच्या विरोधात उभं राहायचं नाहीये. त्या रात्री सासऱ्यांची खुर्ची ज्या दादांनी पुढून धरली होती त्यांचीही सही त्या फॉर्मवर आहे. त्यांच्याशी मला भांडायचं नाही, बोलायचंय.

म्हणून विनंती आहे, फॉर्म महापालिकेत द्यायच्या आधी थोडं थांबा. येत्या रविवारी सकाळी सात वाजता प्रत्येक कमिटीतल्या एकाने तरी मैदानावर या. मी मोठी टेप आणि खडू आणते. अडीच बाय पाचचे चौकोन आपण स्वतः आखून बघू, मधला रस्ता सोडून, गेट सोडून, किती बसतात ते मोजू आणि रजिस्टरमध्ये लिहू. त्यानंतर तसेच रांगेने आपापल्या इमारतीच्या स्टिल्टमध्ये जाऊ आणि तिथेही मोजू. क्रिकेटवाल्या पोरांना मी सांगितलंय, तेवढा एक तास ते खेळ थांबवणार आहेत.

तुमचीच,
माथाडी वसाहतीत वाढलेली एक शेजारीण